टाच १४ महिने दुखतेय, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४४, शिक्षिका, दिवसाचे पाच-सहा तास उभं राहावं लागतं. उजवी टाच १४ महिन्यांपासून दुखतेय. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की कळ जाते, थोडं चालल्यावर कमी होते आणि संध्याकाळी पुन्हा ठणका सुरू होतो. गोळ्या झाल्या, चपलेत सिलिकॉनची गादी झाली, स्टिरॉइडची दोन इंजेक्शनं झाली. पहिल्याने तीन महिने आराम पडला, दुसऱ्याने जेमतेम तीन आठवडे. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसतंय. आता दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सुचवली आहे: दोन लहान छिद्रं आणि त्याच दिवशी घरी. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. करून घ्यावी का, वाढलेलं हाड निघेल का, आणि वर्गात पुन्हा उभं कधी राहता येईल.

तुमचा पाय मी पाहिलेला नाही, त्यामुळे 'करा' किंवा 'करू नका' असं इथून सांगणं बरोबर होणार नाही. पण पायाच्या शस्त्रक्रिया हेच माझं वीसेक वर्षांचं काम आहे. अशा काही टाचांवर मी शस्त्रक्रिया केली आहे आणि त्याहून कितीतरी जास्त पेशंटना त्यापासून परत फिरवलं आहे. हा निर्णय मी कसा घेतो ते सांगतो, म्हणजे डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा काय विचारायचं ते तुमच्या मनात पक्कं असेल.

तुमच्या प्रश्नाचा सगळा भर छिद्रं किती लहान यावर आहे, आणि ते साहजिक आहे. जखम लहान असली की मनाला धीर येतो. पण छिद्र म्हणजे फक्त कातडीवरची जखम. आतला पट्टा मोठी चीर घेऊन कापला काय किंवा दुर्बिणीतून कापला काय, तो कापला गेल्याचा परिणाम पायाला तेवढाच सोसावा लागतो. म्हणून मी आधी दोन वेगळे प्रश्न विचारतो. जे कापायचं आहे तेच दुखतंय का? आणि कापण्याआधी जे करून पाहायला हवं होतं ते खरंच झालंय का?

तळव्याच्या कातडीखाली, टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक चिवट पट्टा जातो. त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात, मी सरळ पट्टाच म्हणतो. पायाची कमान म्हणजे धनुष्य धरलं तर हा पट्टा त्याची दोरी. आत्ता बसल्या जागी करून पाहा. दुखऱ्या पायाचा अंगठा एका हाताने वर ओढा आणि दुसऱ्या हाताचं बोट तळव्याच्या आतल्या कडेने फिरवा. तारेसारखं काहीतरी ताठ लागेल, तोच तो. चालताना टाच उचलली जाते तेव्हा प्रत्येक पावलाला तो असाच ताणला जातो. टाचेच्या हाडाला तो जिथे चिकटतो, तिथे वर्षानुवर्षांच्या ताणाने त्याचे तंतू झिजतात, बारीक बारीक फाटतात आणि नीट जुळून येत नाहीत. रात्रभर पाऊल सैल पडलेलं असतं, पट्टा आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला तो एकदम ताणला जातो. ती कळ इथून येते.

या आजाराला फॅशिआयटिस म्हणतात आणि त्या नावावरून ही सूज असावी असं वाटतं. जुन्या दुखण्यात मात्र सूज फारशी उरलेली नसते. शस्त्रक्रियेत काढलेल्या ५० नमुन्यांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली सूज न दिसता पट्ट्याची झीज दिसली होती. तुमचं पहिलं इंजेक्शन तीन महिने पुरलं आणि दुसरं तीन आठवडे, याचं कारण मला यातच दिसतं. स्टिरॉइड दुखणं दाबतं, पण झिजलेला तंतू भरून काढत नाही. उलट वारंवार दिलं तर पट्टा कमजोर होऊन तुटू शकतो आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होऊ शकते. ती गादी एकदा गेली की परत आणता येत नाही. म्हणून तिसरं इंजेक्शन कोणी सुचवलं तर माझं मत स्पष्ट 'नको' असं आहे.

वाढलेल्या हाडाबद्दल बोलतो, कारण पेशंटच्या मनात सगळ्यात खोल रुतलेलं तेच असतं. एक्स-रेवर ते अणकुचीदार टोक दिसलं की हेच आतून टोचतंय असं वाटणारच. पण ते टोक बहुतेक वेळा या पट्ट्यात नसतंच. पट्ट्याच्या वरच्या थरात बोटं वाकवणारा एक लहान स्नायू आहे, त्याच्या मुळाशी ते असतं. टाच कधीही न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्येही ते दिसतं. आणि ज्यांची टाच पूर्ण बरी होते, त्यांचं ते टोक जागच्या जागीच असतं. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: निघेल की नाही हा प्रश्न सोडून द्या, ते काढण्याची सहसा गरज नसते. हाड घासलं की रक्तस्राव वाढतो, दुखणं लांबतं आणि हाती फारसं काही लागत नाही.

आता निदान. सकाळच्या पहिल्या पावलाची कळ ही या आजाराची ठळक खूण आहे आणि ती तुमच्यात आहे. तरीही १४ महिने झाले आणि दोन इंजेक्शनं वाया गेली, तर मी पाय पुन्हा पहिल्यापासून तपासतो. अंगठ्याने टाचेच्या तळावर, थोडं पुढे आणि आतल्या बाजूला दाबतो. पट्ट्याचं दुखणं असेल तर पेशंट नेमका तिथेच पाय ओढून घेतो. नंतर दोन्ही तळहातांमध्ये टाच धरून बाजूंनी दाबतो. त्याने कळ आली तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी लागते. दुखणं टाचेच्या बरोबर मध्यावर असेल, मुका मार लागल्यासारखं असेल आणि कडक फरशीवर अनवाणी चालल्यावर वाढत असेल, तर चरबीची गादी झिजलेली असू शकते. तिथे पट्टा कापून काहीच हाताला लागत नाही.

नसेचं दुखणं यात सगळ्यात जास्त चकवतं. टाचेच्या आतल्या बाजूने एक बारीक नस पट्ट्याच्या अगदी जवळून करंगळीकडच्या स्नायूकडे जाते, तिला बॅक्स्टरची नस म्हणतात. ती दबली की टाचेत जळजळ होते, मुंग्या येतात, दिवसभराच्या उभं राहण्याने त्रास वाढत जातो आणि बसल्यावरही तो लगेच शमत नाही. अशा पेशंटला पायाची करंगळी बाहेर फाकवायला सांगितलं तर दुखऱ्या बाजूला ती कमी हलते. तुमचा संध्याकाळचा ठणका नेमका कसा आहे, हे म्हणूनच महत्त्वाचं आहे. नुसता ठणका वेगळा, आग होणं वेगळं. घोट्याच्या आतल्या बाजूला दबलेली नस किंवा कमरेतून निघणारी नसही टाचेत दुखू शकते.

काही वर्षांपूर्वी तिशीच्या आतला एक तरुण दोन्ही टाचांच्या शस्त्रक्रियेची तारीख घेऊन दुसरं मत विचारायला आला होता. पाय तपासताना मी सहज विचारलं, पाठ कशी आहे? तो म्हणाला, "पहाटे चारला पाठ इतकी आखडते की उठून चालावंच लागतं, टाचेच्या मानाने ते काही नाही." त्याला मणक्याचा संधिवात होता. संधिवाताच्या डॉक्टरांकडे औषधं सुरू झाली आणि काही महिन्यांत दोन्ही टाचा शांत झाल्या. तुमची एकच टाच दुखतेय, त्यामुळे ही शक्यता कमी. पण दोन्ही टाचा दुखणाऱ्या तरुण माणसाने शस्त्रक्रियेआधी हा तपास करून घ्यायलाच हवा.

तपासण्यांमध्ये साधी सोनोग्राफी खूप काही सांगते. पट्ट्याची जाडी साधारण ४ मिलिमीटरपर्यंत असते, त्याहून जास्त भरली आणि रचना विस्कटलेली दिसली तर निदानाला बळ मिळतं. लक्षणं आणि चित्र जुळत नसेल किंवा इंजेक्शनांनंतर पट्टा अर्धवट फाटल्याची शंका असेल, तर एमआरआय. निव्वळ एक्स-रेवर मी शस्त्रक्रियेचा निर्णय कधीच घेत नाही.

आणखी एक तपासणी आहे, मिनिटभराची, पण बऱ्याच ठिकाणी राहून जाते. पोटरीची. गुडघा सरळ ठेवून पाऊल वर ढकलायचं, मग गुडघा वाकवून तेच करायचं. गुडघा सरळ असताना पाऊल काटकोनाच्या पुढे येत नसेल आणि वाकवल्यावर येत असेल, तर पोटरीचा वरचा स्नायू आखूड आहे. असा स्नायू प्रत्येक पावलाला टाच मागे-वर ओढत राहतो आणि सगळा ताण तळव्यातल्या पट्ट्यावर येतो. मग मूळ कारण पोटरीत असताना टाचेत कापून काय उपयोग?

आता दुसरा प्रश्न, कापण्याआधी काय झालंय. इथे थोडं रोखठोक बोलतो, रागवू नका. १४ महिने दुखणं आणि १४ महिने उपचार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या यादीत गोळ्या, गादी आणि इंजेक्शनं आहेत. पट्टा मुळातून सुधारण्यासाठी जे करतात, ते मला त्यात दिसत नाही. विनाशस्त्रक्रिया दहापैकी आठ-नऊ जण वर्षभरात बरे होतात असं आम्ही सांगतो, त्यात हे उपचार गृहीत धरलेले असतात.

पहिलं म्हणजे पट्टा ताणण्याचा व्यायाम. सकाळी पाय खाली टेकवण्यापूर्वी, पलंगावरच. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढायची आणि दहा आकडे मोजायचे. असं १० वेळा, दिवसातून ३ वेळा. दुसरं म्हणजे ताकदीचा व्यायाम, आणि माझा भर यावर जास्त आहे. जिन्याच्या पायरीच्या कडेवर उभं राहायचं, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा म्हणजे बोटं वर वळलेली राहतात, आणि टाच हळूहळू उचलायची. वर जाताना ३ सेकंद, वर थांबून २ सेकंद, खाली येताना ३ सेकंद. एक दिवसाआड. दोन्ही पायांवर जमलं की एका पायावर, तेही सोपं झालं की पाठीवर पुस्तकांची पिशवी घेऊन. डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा व्यायाम करणारे पेशंट तीन महिन्यांनी नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा बरेच पुढे होते. वर्षअखेर मात्र दोन्ही गट सारखेच सुधारले होते. म्हणजे ताकदीचा व्यायाम लवकर आराम देतो, पण ताण देणाराही मागे राहत नाही. सोडून देणारा तेवढा मागे राहतो. पहिले काही आठवडे थोडं दुखेल, ते चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळची कळ नेहमीपेक्षा वाढली असेल तर व्यायामातलं वजन कमी करायचं.

तिसरं शॉकवेव्ह. बाहेरून यंत्राने टाचेवर ध्वनिलहरींचे ठोके देतात, साधारण आठवड्याला एक अशा तीन ते पाच बैठका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने टाचेच्या या दुखण्यासाठी अशा यंत्राला २००० साली मान्यता दिली. ते सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. पण त्यात काही कापलं जात नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या दारात उभ्या असलेल्या पेशंटला मी आधी हे करून पाहायला सांगतो.

हे सगळं मनापासून करूनही टाच तशीच राहिली, निदान पक्कं असलं, तर शस्त्रक्रियेला माझी ना नाही. ती चांगली शस्त्रक्रिया आहे, योग्य माणसाला तिने आयुष्य परत मिळतं, हे मी पाहिलेलं आहे. 'लहान छिद्राची शस्त्रक्रिया' या एका नावाखाली मात्र तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी येतात. तुम्हाला नेमकी कोणती सुचवली आहे ते विचारून घ्या.

दुर्बिणीची पद्धत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रुळली. टाचेच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला जेमतेम सेंटिमीटरभराचं एकेक छिद्र, त्यातून पट्ट्याच्या खालून आरपार एक नळी, तिच्या एका तोंडातून दुर्बीण आणि दुसऱ्यातून आकड्यासारखं वाकडं पातं. पडद्यावर पट्टा दिसतो तेव्हा तो पांढराशुभ्र, चकाकणारा असतो. पातं आतल्या कडेला अडकवून ओढलं की पांढरे तंतू दोन्ही बाजूंना सरकतात आणि मधल्या फटीतून लाल स्नायू डोकावतो. लाल दिसलं म्हणजे त्या जागी पट्टा पूर्ण जाडीत कापला गेला. तिथून पुढे बाहेरच्या बाजूला किती जायचं, हा या शस्त्रक्रियेतला सगळ्यात मोठा निर्णय आहे. मी आतला एक तृतीयांश, फार तर निम्मा भाग कापतो आणि निम्म्याच्या पुढे जात नाही.

कारण ती धनुष्याची दोरी आहे. पूर्ण तोडली तर कमान खचते आणि भार पायाच्या बाहेरच्या कडेवर सरकतो. पट्टा पूर्ण कापलेली एक पेशंट पाच महिन्यांनी माझ्याकडे आली होती. टाच अजिबात दुखत नव्हती. पण पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मागे, इतकं दुखायचं की स्वयंपाकघरात दहा मिनिटं उभं राहता येत नव्हतं. कापलेली दोरी शिवून पुन्हा तशी करता येत नाही. बुटात कमानीला आधार आणि व्यायाम, यावर तिचं जवळजवळ वर्ष गेलं तेव्हा कुठे ती नीट उभी राहू लागली. तिच्या टाचेवरचे व्रण अगदी बारीक होते, शोधावे लागले. छिद्राच्या आकारावर भाळू नका असं मी म्हणतो, ते तिचा पाय पाहिल्यापासून जास्तच.

दुसरी पद्धत सोनोग्राफीत पाहत, सुईएवढ्या उपकरणाने आणि ध्वनिलहरींच्या कंपनाने पट्ट्यातला फक्त खराब झालेला भाग काढून घेण्याची. यात पट्टा आडवा कापला जात नाही, त्यामुळे कमानीला धोका कमी. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे रेडिओलहरींच्या ऊर्जेवर चालणाऱ्या, बारीक काडीने पट्ट्यात छोटे छोटे छेद घेऊन भरून येण्याची प्रक्रिया जागवणं, हीसुद्धा याच जातीची. आणि पोटरी आखूड असेल तर टाचेला हातही न लावता गुडघ्यामागच्या लहान चिरेतून पोटरीच्या स्नायूचा वरचा पडदा सैल करतात. आखूड पोटरीच्या पेशंटमध्ये मी हल्ली हीच शस्त्रक्रिया आधी करतो, कारण तळव्यातली दोरी शाबूत राहते. नस दबल्याचं निदान असेल तर मात्र मला दुर्बिणीपेक्षा लहानशी उघडी चीर बरी वाटते. तिथे नस डोळ्यांनी पाहून मोकळी करावी लागते.

ज्यांचा तळवा मुळातच सपाट आहे, त्यांचा पट्टा कापायला मी फार कचरतो. मधुमेह ताब्यात नसेल किंवा सिगारेट चालू असेल तर आधी ते. हे डॉक्टरांना सांगायचं राहू देऊ नका.

आता तिसरा प्रश्न. त्याच दिवशी घरी, हे खरं आहे. पण घरी जाणं म्हणजे कामावर जाणं नव्हे. दुर्बिणीतून पट्टा कापल्यावर मी दोन-तीन आठवडे आधाराचा बूट घालायला लावतो. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात. बसून करायचं काम एक-दोन आठवड्यांत जमतं. तुमच्यासारखं पाच-सहा तास उभं राहायला सहा ते आठ आठवडे धरा आणि पहिले काही दिवस वर्गात खुर्ची ठेवा. कापलेल्या फटीत व्रणाची ऊती भरते आणि घट्ट होते, त्याला तेवढा वेळ लागतोच, छिद्र कितीही लहान असलं तरी. पूर्ण फरक कळायला तीन ते सहा महिने, कधी त्याहून जास्त. पाय उजवा आहे, त्यामुळे बूट असेपर्यंत गाडी चालवणं बंद. धोक्यांमध्ये टाचेच्या बाजूला बधिरपणा, जंतुसंसर्ग, पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी, पावलाच्या बाहेरच्या कडेचं दुखणं हे सगळं येतं. आणि काही जणांची टाच शस्त्रक्रियेनंतरही दुखत राहते. हे तुम्हाला आधी कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

तुम्ही माझ्यासमोर बसला असता तर मी काय केलं असतं? पोटरी, करंगळी आणि टाचेची गादी तपासली असती, सोनोग्राफी केली असती आणि ताकदीचा व्यायाम व शॉकवेव्ह यांना तीन महिने दिले असते, पुढच्या भेटीची तारीख आजच लिहून. तोवर वर्गात मऊ तळाचे, टाच किंचित उंच असलेले बूट आणि घरातही अनवाणी चालणं बंद. सकाळची कळ दहापैकी किती, हे रोज एका वहीत लिहायला सांगितलं असतं. रोजच्या रोज फरक जाणवत नाही, वहीत मात्र दिसतो. तीन महिन्यांनी आकडा हललाच नसता तर पोटरी आखूड असल्यास पोटरीची आणि नसल्यास पट्ट्याची अर्धवट शस्त्रक्रिया, तीही मोठ्या सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात.

तुमच्या डॉक्टरांना हे विचारा: पट्ट्याचा किती भाग कापणार, पोटरी तपासली का, नस दबलेली नाही याची खात्री कशी केली, आणि दुखणं राहिलं तर पुढे काय. चांगला सर्जन या प्रश्नांनी नाराज होत नाही. आणि मधल्या काळात टाचेत अचानक 'कट्' असा आवाज येऊन तळव्यावर काळंनिळं दिसू लागलं, तर व्यायाम तिथेच थांबवा आणि लगेच दाखवा. इंजेक्शनांनंतर पट्टा आपोआप तुटल्याची ती खूण असू शकते, आणि तसं झालं असेल तर वर सांगितलेला सगळा बेत नव्याने ठरवावा लागेल.